रोहिणीची हाजिरी

हैदराबादेच्या बरोबर माथ्यावरून जाणारा एक तारा आहे आणि तो आपल्या घरचा आहे, अशा समजुतीत माझं लहानपण गेलं. तो तारा म्हणजे रोहिणी. नारिंगी, ठळक, साध्या डोळ्यांनी कुणालाही दिसावी अशी. माघ महिन्यात दिवेलागणीनंतर जामबाग मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवर उभं राहून मान पार मागे टाकली की ती थेट कपाळावर यायची. "दिल्लीवाल्यांना ती तिरकी दिसते. आपल्याला बरोबर डोक्यावर," असं अण्णा तोऱ्यात सांगायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. रोहिणीला हैदराबादवर आणून ठेवण्यात आपलाही काही हात असावा, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

अण्णा एका मराठी शाळेत विज्ञानाचे मास्तर होते. त्यांच्या वडिलांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे आमच्या घरात हजेरीला हाजिरी म्हणत. ही हाजिरी अण्णांच्या अंगात इतकी भिनलेली होती की थंडी सुरू झाली की ते संध्याकाळी गच्चीवर नक्षत्रांची हाजिरी घ्यायचे. शाळेतल्या जुन्या हजेरीपटांची उरलेली कोरी पानं शिवून त्यांनी एक जाड वही केली होती. डाव्या बाजूला मुलांच्या नावांच्या जागी नक्षत्रांची नावं, वर तारखा. अण्णा खुर्चीवर बसून बॅटरीच्या उजेडात नावं पुकारायचे आणि आई आणि मी आकाशात बघून उत्तर द्यायचो. अश्विनी? हाजिर. भरणी? ढगात आहे, अण्णा. कृत्तिका? हाजिर. रोहिणीचं उत्तर द्यायचा मान माझा, कारण माझा जन्म त्या नक्षत्रावरचा. मी एवढ्या जोरात "हाजिर!" म्हणायची की शेजारच्या गच्चीवर वाळवण गोळा करणाऱ्या तेलुगू काकू दचकायच्या.

या हाजिरीचा एकच नियम होता. पुकारताना अण्णा वर बघत नसत. वर्गातही ते तसंच करायचे. नाव घ्यायचं, आवाज ऐकायचा, लिहायचं. पुष्कळ पोरं दुसऱ्याच्या नावाची हाजिरी लावून टाकत आणि बाकीचे मास्तर अण्णांना हसत. अण्णांचं म्हणणं असं, की पोरानं हाजिर म्हटलं तर तो हाजिर, त्याच्या शब्दापुढे आपण मान वर करून बघायला लागलो तर मग त्याला शब्द कशाला विचारायचा. गच्चीवरही ते आधी लिहायचे आणि सगळी वही भरून झाल्यावर, बॅटरी बंद करून, सवडीने वर बघत बसायचे. रोहिणी ही म्हातारी होत आलेली, फुगलेली, चाळीसेक सूर्य शेजारी शेजारी मांडावेत एवढी रुंद चांदणी आहे, हे मला तिथेच कळलं.

आई गेली. माझं लग्न काही झालं नाही, आणि त्याचं आता कुणाला दुःखही उरलेलं नाही. घरात अण्णा आणि मी. मी सरकारी खात्यात नोकरीला, ते निवृत्त होऊन वीस वर्षं झालेले. हाजिरी चालू होती, पण पन्नाशीच्या बाईला रोज संध्याकाळी गच्चीवर उभं राहून "हाजिर, हाजिर" करायचा कंटाळा येतो, हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. शिवाय माझा राग नाकावर. ऑफिसातून येताना कोठीच्या चौकातल्या गर्दीत तासभर अडकून आले की माझ्याशी कुणी बोलू नये, असं मला वाटायचं. आणि अण्णा नेमके तेव्हाच वही काढून बसलेले असायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडी सरत आली होती. नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, भरलेली होती आणि तिकडचं आकाश पिवळं पिवळं झालेलं होतं. मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले होते. एका हातात कपड्यांचा ढीग, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर आमच्या साहेबांचा निरोप, की अमुक फाईल सापडत नाही. अण्णा खुर्चीवर नव्हते. कठड्याला धरून, मान मागे टाकून उभे होते.

"अगं, मला रोहिणी दिसून नाही राहिली," ते म्हणाले. "तुला दिसते का बघ बरं."

मी फोनमधून मान वर केली नाही. दिसते म्हटलं असतं तर कुठे, कशी, टाकीच्या डावीकडे की उजवीकडे, असं अर्धा तास बोट धरून दाखवत बसावं लागलं असतं. नाही म्हटलं की एका शब्दात विषय संपत होता. मी वेळ मारून नेली.

"गैरहाजिर आहे, अण्णा."

"असं कसं? ती केवढी ठळक असते. उजेडानं बुडायची नाही ती."

"नुमाईशचे दिवे बघा की तिकडं केवढे आहेत. मलाही नाही दिसत."

अण्णांनी नामपल्लीच्या दिशेनं बघितलं, मान हलवली, खुर्चीवर बसले आणि वहीत रोहिणीच्या ओळीत 'गै' लिहिलं. मी कपडे घेऊन खाली गेले. फाईल दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच कपाटात सापडली.

त्यानंतर ते मला रोज विचारायचे आणि मी रोज नाही म्हणायची. एकदा नाही म्हटल्यावर पुढे ते सोपं असतं, बघावंही लागत नाही. नुमाईश संपली तेव्हा अण्णा म्हणाले, "आता तर दिवे गेले." मी म्हटलं, समोर तो नवा टॉवर झालाय ना, त्याचे दिवे. पुढच्या थंडीत मी मेट्रोची धूळ पुढे केली. मला कारणं सुचायची, यात मला काही वाईट वाटत नव्हतं. उलट म्हाताऱ्या माणसाचं समाधान केलं, असंच वाटायचं.

अण्णांनी मात्र माझ्या शब्दावर केवढं उभारलं! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले की या शहरानं आपली रोहिणी घालवली. शेजारच्या तेलुगू काकूंच्या मुलाकडून त्यांनी एक अर्ज लिहून घेतला, की गल्लीतले दिवे वरून झाकावेत, तारे दिसत नाहीत. अर्जात एक वाक्य होतं, की हे केवळ माझ्या वयामुळे म्हणत नाही, माझी मुलगी तरुण आहे आणि तिलाही दिसत नाही. मला तरुण म्हटलं म्हणून मी पोट धरून हसले. अर्ज त्यांनी स्वतः जाऊन दिला. त्याचं उत्तर अर्थातच आलं नाही.

या दोन वर्षांत दुसरंही बरंच घडत होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. अण्णांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. चहाचा पेला ते टेबलाच्या काठावर, अर्धा हवेत ठेवायचे. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची आणि मी म्हणायची, आवडली नाही तर सांगा तरी. जिन्यात पाऊल चुकायचं. मी ओरडायची, "अण्णा, बघून चाला की जरा!" ते म्हणायचे, "हौ बाई, चुकलं." मग त्यांनी हळूहळू गच्चीवर जाणंच सोडलं. मला मनातून सुटल्यासारखं झालं.

गेल्या दसऱ्यानंतर गौलीगुड्याच्या गल्लीत, बसस्टँडच्या अलीकडे, ते उभ्या असलेल्या फळांच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, जाऊन आपटले. भर सकाळी अकराच्या उन्हात. गुडघा फुटला, पपया रस्त्यावर गेल्या. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "तो बंडीवाला म्हणाला, बड़े मियाँ, दिखता नईं क्या? मी म्हटलं, खरंच विचारून राहिला की काय हा." आणि ते हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एक यंत्र होतं. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसायचं, समोर एकटक बघायचं, आणि घुमटात इथे तिथे बारीक ठिपके उजळतात, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. अण्णांना तिथल्या बाईंनी हे समजावलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे हाजिरीच की," मला म्हणाले. मी बाहेर दाराच्या फटीपाशी उभी होते. ठिपके उजळत होते, विझत होते, आणि बटणाचा आवाज फार क्वचित येत होता. मधे तर इतका वेळ आला नाही की मला वाटलं, अण्णांना डुलकी लागली.

डॉक्टर एक तरुण तेलुगू बाई होत्या. त्यांनी कागद समोर ठेवला. आकाश असावं तसा एक गोल, आणि त्यातला बहुतेक भाग काळा. मधे थोडासा पांढरा तुकडा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. कडेनं आत येतो, दुखत नाही, कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकवायचा प्रयत्न करायचा, बस. मग त्या अण्णांकडे वळल्या.

"अंकल, इतना लेट कायकू आए? दो-तीन साल पहले आते तो बहुत बच जाता था."

"अम्मा, मैं समझा शहर का उजाला बढ़ गया," अण्णा म्हणाले. "एक तारा था, वो दिखना बंद हुआ. लेकिन मेरी बेटी को भी नईं दिखता था. तो मैं बोला, आँख का सवाल नईं है."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आपको भी नईं दिखता था? कबसे? ये फॅमिली में होता. आपका भी अभी टेस्ट कर देते."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य, की मी बघितलंच नव्हतं. नर्सनं माझी पर्स घेतली, मला आत नेलं, अण्णा उठले त्याच स्टुलावर बसवलं. स्टूल अजून गरम होतं. मी हनुवटी टेकवली आणि घुमटात ठिपके उजळू लागले.

सगळे दिसत होते. कोपऱ्यातले, कडेचे, इतके मंद की नसल्यासारखे, तेसुद्धा. एकदा वाटलं, काही सोडून द्यावेत, बटण दाबू नये. म्हणजे माझ्याही कागदावर थोडं काळं येईल आणि मी म्हटलेलं खरं ठरेल. हे मनात आलं त्याची मला आजही शरम वाटते. पण अंगठा ऐकेना, प्रत्येक ठिपक्याला तो आपोआप दाबत होता. असं निरोगी असण्याचा एवढा तिटकारा मला कधी आला नव्हता.

"एकदम नॉर्मल," डॉक्टरबाई माझा कागद दाखवत म्हणाल्या. "अंधेरे में भी आपको अच्छा दिखता."

कागदावर काळं काहीच नव्हतं. अण्णा बाजूच्या खुर्चीवर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांना कोडं सोडवून द्यावं लागत नाही.

"अच्छा है अम्मा," ते म्हणाले. "बहुत अच्छा है."

रिक्षात मी वाट बघत होते. त्यांनी मला बोलावं, दोन शब्द सुनवावेत, एकदा तरी आवाज चढवावा. त्यांच्या जागी मी असते तर रिक्षा डोक्यावर घेतली असती. नामपल्लीच्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

"संध्याकाळी भात टाकशील का पोळ्या?"

"तुम्ही सांगाल ते."

"भातच टाक. दमली असशील."

त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकणं माझ्याकडे आलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. ते खुर्चीवर मान मागे टाकून बसतात, अगदी गच्चीवर बसायचे तसे, आणि मी खालची पापणी ओढून धरते. तीनदा मी सांगायचा प्रयत्न केला. एकदा तर बोलायला सुरुवातही केली, "अण्णा, त्या दिवशी गच्चीवर मी..."

"नीट धर," ते म्हणाले. "थेंब गालावर चाललाय."

थेंब पुसून मी दुसरा टाकला. बोलणं तिथेच राहिलं. माफी मागायची तर समोरच्यानं ती ऐकून तरी घ्यावी लागते. आणि ऐकून घेतली तरी काय होणार होतं? त्या काळ्या गोलातला एक ठिपका पांढरा होणार नव्हता. मी डॉक्टरांना विचारून पाहिलं, दुसऱ्या दवाखान्यात कागद दाखवले, ऑफिसातल्या लोकांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. मी हात टेकले.

एका रविवारी मी ती वही काढली. रोहिणीच्या ओळीत माझ्या शब्दावरून लिहिलेले 'गै' एकापुढे एक होते. पण त्याहून वाईट गोष्ट दिसली ती अक्षराची. अण्णांचं अक्षर छापल्यासारखं. त्या पहिल्या 'गै'च्याही वर्षभर आधीपासून ते चौकटीतून सरकायला लागलं होतं, शेजारच्या रकान्यात जात होतं, एके ठिकाणी तर कृत्तिकेचं उत्तर भरणीच्या ओळीत पडलं होतं. ही वही दर दिवाळीला धूळ झटकून मीच परत जागेवर ठेवत होते.

त्याच संध्याकाळी मी एकटी गच्चीवर गेले. मार्गशीर्ष होता. शहरात उजेड होता, टॉवर होता, धूळ होती, मी दिलेली सगळी कारणं आपापल्या जागी होती. आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर, पूर्वेला, रोहिणी होती. मला शोधावीही लागली नाही. नारिंगी, निवांत. आंधळ्यालाही दिसेल असं म्हणतात ना, ते माझ्या तोंडात आलं आणि मी तिथेच खाली बसून रडले.

माघ लागला तेव्हा एक दिवस अण्णा म्हणाले, "वर ने मला." एका हातानं कठडा, एका हातानं माझं कोपर धरून ते सगळा जिना चढले. मी खुर्ची ठेवली. नुमाईश पुन्हा भरली होती, नामपल्लीकडचं आकाश पिवळं होतं. त्यांनी काखेतली वही माझ्या हातात दिली आणि बॅटरीही दिली.

"आता लिहायचं तू," ते म्हणाले. "नावं मी घेतो. मला पाठ आहेत."

मी बॅटरी लावली. अण्णांनी मान वर केली नव्हती. समोर, कुठेही न बघता, त्यांनी वर्गातला तोच आवाज काढला.

"अश्विनी?"

मी बघितलं. "नाही दिसत, अण्णा."

"भरणी?"

"नाही."

"कृत्तिका?"

"पुसट आहे. पण हाजिर."

"रोहिणी?"

मी मान मागे टाकली. ती बरोबर डोक्यावर होती, दिल्लीवाल्यांना दिसत नाही तशी. एकदा खाली वहीत बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"हाजिर," मी म्हटलं.

एवढ्यावर पुढचं नाव यायला हवं होतं. आलं नाही. अण्णांनी आवाजाच्या दिशेनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"बघून सांगितलंस?"

शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला, उनाडातल्या उनाड पोरालाही, त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मलाही नाही. त्यांच्या स्वरात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि माझ्याशिवाय त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

"हो, अण्णा," मी म्हटलं. "आज बघून."

खालून एक स्कूटर गेली.

"लिही मग," ते म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं. "मृग?"